सेंट, बुशेल, खंडी, मण: अमेरिकेतला भाव आपल्या क्विंटलमध्ये कसा काढायचा

दोन वर्षांमागे डिसेंबरात आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, ‘अमेरिकेत कापूस १३ हजार रुपये क्विंटल, आपल्याकडे ७ हजार, शेतकऱ्यांनो कापूस विकू नका’. शेजारच्या काकांनी मोबाईल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘काहून रे, आपल्याले सातच काहून?’ मी तिथंच बसून हिशेब लावला, सेंटचे डॉलर केले, पौंडाचे किलो केले, डॉलरचे रुपये केले, आणि खरंच १३ हजार आले, म्हणून मीही म्हणालो की काका मेसेज बरोबर दिसतोय. काकांनी ३० क्विंटल कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. ज्यांनी घरात कापूस ठेवलाय त्यांना माहितीये काय होतं, अख्ख्या घराला खाज सुटली, लहान पोरांच्या अंगावर पुरळ आलं, आणि मार्चमध्ये गाडी भरली तेव्हा भाव होता तिथंच आणि कापूस वाळल्यामुळे वजन कमी भरलं.

माझा गुणाकार चुकला नव्हता. अमेरिकेतले ते १३ हजार रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे होते आणि आपले ७ हजार सरकीसकट, म्हणजे बियांसकट कापसाचे, एवढंच मला त्या दिवशी सुचलं नाही. ते अजून मनाला लागतं, म्हणून आज बैजवार लिहितोय, घाई करू नका, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि सोबत करत चला. डॉलरचा भाव मी सगळीकडे ८५ रुपये धरलाय, फक्त हिशेबाला सोपा म्हणून, तुम्ही त्या दिवशीचा टाका. मालाचे भावसुद्धा उदाहरणापुरते आहेत, आजचे समजू नका.

आधी पौंड म्हणजे काय ते. पौंड आपल्याला नवीन नाही, आपले आजोबा-पणजोबा ज्याला रतल म्हणायचे तोच हा, जुन्या माणसांच्या तोंडी ‘रतलभर चहा’ ऐकला असेल. आपल्याकडे १९५६ मध्ये मेट्रिकचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि शेर, मण, रतल मागे पडले, पण अमेरिकेच्या बाजारात पौंड आजही जागच्या जागी आहे. १९५९ साली अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून ठरवलं की एक पौंड म्हणजे बरोबर ०.४५३५९२३७ किलो, तेव्हापासून तो आकडा पक्का आहे. आपल्याला चार आकडे पुरतात, ०.४५३६. उलट बाजूने एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड. पौंडाचे १६ औंस, एक औंस २८.३५ ग्रॅमचा, पण शेतमालात औंस फारसा लागत नाही. सोन्याच्या बातमीतला औंस मात्र हा नव्हे, तो ३१.१ ग्रॅमचा असतो, त्याच्यासाठी २८.३५ वापरू नका.

तोंडी करायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. पौंडाचे किलो करताना निम्मे करा आणि आलेल्या आकड्यातून त्याचाच दहावा भाग काढून टाका. ६० पौंड, निम्मे ३०, त्यातून ३ गेले, २७. खरं उत्तर २७.२ आहे. ४८० पौंड, निम्मे २४०, त्यातून २४ गेले, २१६. खरं उत्तर २१७.७. किलोचे पौंड करताना दुप्पट करा आणि त्यात त्याचा दहावा भाग मिळवा, ५० किलोचे १०० आणि १०, म्हणजे ११०. किलो करताना ही युक्ती पाऊण टक्क्याच्या आसपास कमी दाखवते, पौंड करताना पाव टक्क्याहूनही कमी फरक पडतो. चहाच्या टपरीवर बोलायला चालतं, पण १३ हजारांच्या भावात पाऊण टक्का म्हणजे क्विंटलमागे शंभर रुपये जातात, त्यामुळे सौदा करायचा असेल तेव्हा पूर्ण आकडाच वापरा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथं अडकतात ती गोष्ट. वजन बदलणं आणि भाव बदलणं हे एकमेकांच्या उलट चालतं. १०० पौंडाचे किलो करायचे तर ०.४५३६ ने गुणायचं, ४५.३६ किलो, आकडा कमी झाला. पण ‘१ डॉलर पौंड’ या भावाचा ‘किलोला किती’ असा भाव काढायचा तर २.२०४६ ने गुणायचं, २.२० डॉलर किलो, आकडा वाढला. का, तर पौंड लहान, किलो मोठा. पावशेर भाजी २० रुपयांना मिळत असेल तर किलोचा भाव आपण ८० सांगतो, तिथं कुणी ५ सांगत नाही. इथंही तसंच आहे, फक्त पौंड डोळ्यासमोर नसतो म्हणून गोंधळ होतो. उत्तर आलं की एकदा विचारा, मोठ्या मापाचा भाव मोठा आलाय का. नसेल तर उलटं गुणलंय.

अजून एक सवय लावून घ्या, आधी फक्त वजनाचा हिशेब डॉलरमध्येच पूर्ण करायचा आणि रुपये अगदी शेवटी करायचे. दोन्ही एकाच दमात केलं की चूक कुठं झाली ते सापडत नाही.

चला, कापूस घेऊ. न्यूयॉर्कचा कापसाचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरणारा भाव, ज्याला बातम्यांत आयसीई म्हणतात, तो सेंट प्रति पौंड असतो. समजा भाव दिसतोय ७० सेंट. म्हणजे ०.७० डॉलरला एक पौंड. गुणिले २.२०४६, झाले १.५४३ डॉलर किलो, म्हणजे १५४.३ डॉलर क्विंटल. थोडं बारकाईने बघितलं तर लक्षात येईल की सेंटचे डॉलर करायला १०० ने भागलं आणि किलोचा क्विंटल करायला १०० ने गुणलं, ते दोन्ही उडून गेले, म्हणून थेट ७० गुणिले २.२०४६ केलं तरी १५४.३ च येतात. सेंटला २.२०४६ ने गुणा, डॉलर प्रति क्विंटल तयार. मग गुणिले ८५, झाले १३,११७ रुपये.

आणि इथंच थांबून विचारायचं, कशाचे? रुईचे. वायद्यात सरकी नसते, जिनिंग होऊन गाठ बांधलेली रुई असते. मी आकड्याला आडनाव लावा म्हणतो ते यासाठी, नुसतं ‘७०’ कधी लिहू नका, ‘७० सेंट, पौंडाला, रुई’ असं पूर्ण लिहा आणि बदलत जाताना शेवटपर्यंत आडनाव सोबत ठेवा, ‘१३,११७ रुपये, क्विंटलला, रुई’. मग तो आकडा ‘७,००० रुपये, क्विंटलला, कापूस’ याच्या शेजारी ठेवला की डोळ्यालाच खटकतं.

रुईवरून कापसावर यायचं तर उतारा लागतो. आपल्याकडे १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. ३४ धरू. ३४ किलो रुई, १३१.१७ रुपये किलोने, ४,४६० रुपये. सरकी ६४ किलो धरली आणि तिचा भाव समजा ३५ रुपये किलो, तर २,२४० रुपये. दोन्ही मिळून ६,७०० रुपये, आणि यातून जिनिंगवाल्याचा खर्च आणि वाहतूक अजून वजा व्हायचीये. म्हणजे काकांच्या मेसेजमधला १३ हजारांचा अमेरिकन भाव आपल्या कापसाच्या भाषेत साडेसहा हजारांच्या आसपास होता, आपल्या ७ हजारांपेक्षा जास्त नव्हता, उलट कमी होता. हे एवढं त्या दिवशी केलं असतं तर पुढची खोली मोकळी राहिली असती. सरकीचा भाव दरवेळी नीट बघा, कारण काही महिने सरकी आणि ढेप एवढी तेजीत असते की कापसाचा भाव रुईमुळे नाही तर सरकीमुळे वर राहतो, आणि ते न्यूयॉर्कच्या वायद्यात कुठंच दिसत नाही.

आपल्याकडचे जिनिंगवाले आणि व्यापारी रुईचा भाव क्विंटलमध्ये सांगत नाहीत, खंडीत सांगतात. कापसाची खंडी ७८४ पौंडाची, म्हणजे ३५५.६ किलो, बोलताना ३५६ म्हणतात. ७८४ हा विचित्र आकडा वाटतो पण तो सात हंड्रेडवेट आहे, इंग्रजांचा हंड्रेडवेट ११२ पौंडाचा, साती ११२ म्हणजे ७८४. इंग्रज गेले, किलो आला, तरी खंडी राहिली. त्यामुळे न्यूयॉर्कचा भाव खंडीत आणणं खरं तर सगळ्यात सोपं आहे, सेंटला ७.८४ ने गुणा. ७० गुणिले ७.८४, झाले ५४८.८ डॉलर खंडी, गुणिले ८५, झाले ४६,६४८ रुपये. आता बातमीत ‘रुई ५३ हजार खंडी’ असं वाचलं तर तुम्हाला लगेच कळेल की आपली रुई बाहेरच्यापेक्षा महाग आहे, आणि मग गिरण्या आयातीकडे का बघतात तेही कळेल. बाहेरचा माल इथं यायला जहाजाचं भाडं, विमा आणि आयात शुल्क लागतं, ते या आकड्यात नाही. २०२५ मध्ये ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं होतं, तेव्हा हा खंडीचा हिशेब आपल्या घरापर्यंत पोचला. ४६,६४८ चे ११ टक्के म्हणजे पाच हजारांच्या वर, एका खंडीमागे एवढा आधार एका निर्णयाने गेला.

खानदेशातल्या भावांसाठी एक वेगळी सूचना. गुजरातच्या बाजाराचा भाव मणात येतो आणि तिथला मण २० किलोचा. ‘१,५०० रुपये मण’ म्हणजे पाचपट, ७,५०० क्विंटल. आपल्या घरात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातला मण वेगळा, तो ४० शेरांचा, म्हणजे ३७.३ किलोचा. दोघांचं नाव एकच, वजन जवळजवळ दुप्पट. सीमेपलीकडे माल नेण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा, मण किती किलोचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता सोयाबीन. शिकागोच्या बाजाराला सगळे सीबॉट म्हणतात, तिथं सोयाबीन सेंट प्रति बुशेल विकलं जातं. बुशेल हे मुळात वजन नाहीच, ते माप आहे, आपल्या पायलीसारखं. आजी ज्वारी पायलीने मोजायची, तांदूळही पायलीने, पण दोन्हींची पायली काट्यावर ठेवली तर वजन वेगळं भरायचं. अमेरिकेतही तसंच होतं, मग त्यांनी प्रत्येक धान्याला बुशेलचं वजन ठरवून टाकलं. सोयाबीन आणि गहू ६० पौंड, मका ५६ पौंड, ओट ३२ पौंड. त्यामुळे ‘एक बुशेल किती किलो’ असं गुगलला नुसतं विचारू नका, धान्याचं नाव सोबत लिहा. सोयाबीनचा बुशेल २७.२२ किलो, मक्याचा २५.४० किलो.

एका क्विंटलमध्ये सोयाबीनचे किती बुशेल, तर १०० भागिले २७.२१५५, म्हणजे ३.६७४४. मक्याचे ३.९३६८. हे दोन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, मी ठेवलेत, खंडीच्या ७.८४ आणि पौंडाच्या २.२०४६ च्या खाली.

आता स्क्रीन बघू, कारण इथं एक बारीक खाच आहे. सोयाबीनचा भाव असा दिसतो, १०३०'४. बहुतेक जण हे १०३०.४ वाचतात. ते चूक आहे. शेवटचा आकडा म्हणजे सेंटचे आठ भाग केले तर त्यातले किती, म्हणजे '४ हे चार अष्टमांश, अर्धा सेंट. '२ दिसलं तर पाव, '६ दिसलं तर पाऊण. आपल्याकडे रुपयाचे आणे होते तशातलाच प्रकार. म्हणून १०३०'४ म्हणजे १,०३०.५ सेंट, म्हणजे १०.३०५ डॉलर बुशेल. या एका सेंटाच्या तुकड्याने आपलं फार बिघडत नाही, पण दोन दिवसांच्या भावातला फरक काढायला बसलात आणि १०३०'६ वरून १०३१'० झालं, तर ते चार दशांश नाही, पाव सेंट वाढलंय. एवढ्यावर ‘बाजार उसळला’ म्हणून मेसेज येतात.

गुणाकार करू. १०.३०५ गुणिले ३.६७४४, झाले ३७.८६ डॉलर क्विंटल. गुणिले ८५, झाले ३,२१८ रुपये. २०२५-२६ चा आपला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता. या दोन आकड्यांत इतकं अंतर आहे तरी अमेरिकेचं सोयाबीन थेट आपल्या मोंढ्यात येत नाही, कारण जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं सोयाबीन आयात करायला आपल्याकडे परवानगी नाही. पण तेल येतं, आणि आपली पेंड बाहेर विकायला जाते तेव्हा तिला त्यांच्या पेंडीशी टक्कर द्यावी लागते, तिथून हा भाव आपल्यापर्यंत येतो. म्हणून शिकागोचं नुसतं सोयाबीन बघून भागत नाही, तेल आणि पेंड बघावी लागते.

तेल सोपं आहे, ते सेंट प्रति पौंड, रुईसारखंच. ५० सेंट गुणिले २.२०४६, झाले ११०.२ डॉलर क्विंटल, ११० रुपये नव्हे हे लक्षात ठेवा, गुणिले ८५ केलं की ९,३७० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ९३-९४ रुपये.

पेंडीत मात्र मोठा खड्डा आहे. आपण जिला डीओसी म्हणतो ती शिकागोत डॉलर प्रति टन असते आणि ‘टन’ शब्द ओळखीचा वाटतो म्हणून कुणी थांबत नाही. तो टन आपला नाही. अमेरिकेचा टन २,००० पौंडाचा, म्हणजे ९०७ किलोचा. आपला टन म्हणजे मेट्रिक टन, १,००० किलोचा. इंग्लंडचा जुना टन अजून वेगळा, २,२४० पौंड, १,०१६ किलो. तीन टन, तिन्हींचं नाव एक. अमेरिकन टनाचा भाव आपल्या टनात आणायला १.१०२३ ने गुणा. समजा पेंड ३०० डॉलर, तर आपल्या टनाला ३३०.७ डॉलर, २८,१०९ रुपये. न बदलता सरळ ८५ ने गुणलं असतं तर २५,५०० आले असते. टनामागे २,६०० रुपयांचा फरक, किलोला अडीच रुपयांच्या वर. डीओसीच्या निर्यातीत किलोला अडीच रुपये म्हणजे सौदा होतो की मोडतो तिथला फरक आहे. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या पेंडीचे भाव बहुतेक वेळा मेट्रिक टनात येतात, ते अमेरिकेच्या आकड्याशेजारी ठेवून ‘अमेरिका स्वस्त आहे’ असं म्हणणारे व्हिडिओ मी बघितलेत, आणि स्वस्ताई म्हणजे निव्वळ ९३ किलोचा फरक होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली तेव्हा आपल्याकडे सोयाबीनचे भाव कसे घसरले ते ज्यांच्या घरात माल होता त्यांना आठवत असेल. तेव्हा तरी किमान शेतकऱ्याच्या पोरांना हा टन ओळखता यायला हवा होता.

शाळेत गणिताचा ताळा करायचो तसा इथंही करता येतो, आणि मला हा भाग फार आवडतो. शिकागोवाले ६० पौंडाच्या बुशेलमधून ४४ पौंड पेंड आणि ११ पौंड तेल धरतात, बाकी साल आणि घट. ४४ पौंड पेंड ३०० डॉलर टनाने ६.६० डॉलर, ११ पौंड तेल ५० सेंटने ५.५० डॉलर, मिळून १२.१० डॉलर बुशेलला. आता हेच आपल्या मापात करा. १०० किलोतून ७३.३ किलो पेंड आणि १८.३ किलो तेल. पेंड ३३०.७ डॉलर टनाने २४.२५, तेल ११०.२ डॉलर क्विंटलने २०.२१, मिळून ४४.४६ डॉलर. आणि १२.१० ला ३.६७४४ ने गुणा, ४४.४६ च येतात. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला म्हणजे मापं नीट बदलली. नाही आला तर बहुतेक टनातच गडबड असते, आधी तिथं बघा. आपल्याकडे १०० किलोतून डीओसी ८२ किलोच्या आसपास धरतात, त्यांची ७३, कारण ते जास्त प्रोटीनची, साल काढलेली पेंड धरतात, त्यामुळे हा ताळा अमेरिकेच्या भावालाच लावा, आपल्या प्लांटला लावू नका.

साखरेवाल्यांना थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कची कच्ची साखर सेंट प्रति पौंड, लंडनची पांढरी साखर डॉलर प्रति मेट्रिक टन. सेंटला २२.०४६ ने गुणलं की टनाचे डॉलर. १८ सेंट म्हणजे ३९७ डॉलर टन. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय कच्ची-पांढरीतला फरक काढू नका.

आता उत्पादनाचं, कारण ‘अमेरिकेत एकरी ५० बुशेल’ हे वाक्य कृषी प्रदर्शनात प्रत्येक स्टॉलवर ऐकू येतं. ५० गुणिले २७.२२, झाले १,३६१ किलो, म्हणजे एकरी १३.६ क्विंटल सोयाबीन. तिथली सरासरी खरंच ५० च्या आसपास असते. एकर मात्र बदलायचा नाही, एकर तोच, ४० गुंठ्यांचा. आपण जमीन इंग्रजांच्या एकरात मोजतो आणि माल मेट्रिकच्या क्विंटलमध्ये, इतकी वर्षं दोन्ही सोबत चाललंय. म्हणून हेक्टरवाला सरकारी आकडा दिसला तर तो २.४७ ने भागून आधी एकरात आणा, मगच तुलना करा. मका एकरी १८० बुशेल म्हणत असतील तर गुणिले २५.४०, पावणेसेहेचाळीस क्विंटल. कापसाचं उत्पादन ते पौंड रुई प्रति एकर सांगतात, ८८० पौंड म्हणजे ३९९ किलो, चार क्विंटल रुई. इथंही परत आडनाव बघा, रुई आहे, आपल्या उताऱ्याने कापूस केला तर पावणेबारा क्विंटल. एका भाऊंनी मला विचारलं होतं, ‘अमेरिकेत एकरी चारच क्विंटल पिकते तर आपण काय वाईट?’ त्यांना चार क्विंटल कापूस वाटला होता.

वजन बदलताना ओलावाही बघा, कारण काट्यावर पाणीसुद्धा मोजलं जातं. अमेरिकेत सोयाबीन १३ टक्के ओलाव्याला धरतात, आपल्या हमीभाव खरेदीत १२. कापसात सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते आणि १२ च्या वर घेत नाही. एका टक्क्याने क्विंटलमागे किलोभर वजन इकडेतिकडे होतं, पौंड-किलोच्या तिसऱ्या दशांशापेक्षा हे कितीतरी मोठं आहे, तेव्हा २.२०४६२२६ असं लांबलचक लिहीत बसण्यापेक्षा माल वाळवून न्या.

शेवटचं राहिलं गाठींचं. अमेरिकेचं कृषी खातं, यूएसडीए, दर महिन्याला जगाच्या पिकाचा रिपोर्ट काढतं, त्यात भारताच्या कापसाचा आकडा मिलियन गाठींमध्ये असतो. त्यांची गाठ ४८० पौंडाची, म्हणजे २१७.७ किलो. आपली गाठ १७० किलोची. आपल्या इथल्या अंदाजात समजा ३०० लाख गाठी आल्या. गुणिले १७०, झाले ५१ लाख टन. ते २१७.७ किलोने भागा, २३४ लाख गाठी, म्हणजे त्यांच्या रिपोर्टात २३.४ मिलियन. माल तेवढाच, बोंडं तेवढीच, पण दर हंगामात कुणीतरी दोन्ही आकडे शेजारी लावून लिहितं की अमेरिकेने भारताचं पीक ६६ लाख गाठींनी कमी दाखवलं, आता तेजी येणार. आपल्या गाठींना १.२८ ने भागलं की त्यांच्या गाठी, त्यांच्या गाठींना १.२८ ने गुणलं की आपल्या. त्या तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘४८० पौंडाच्या गाठी’ असं लिहिलेलं असतं, स्क्रीनशॉट काढताना लोक नेमकी तीच ओळ कापतात, त्यामुळे स्क्रीनशॉटवर जाऊ नका, मूळ तक्ता उघडा आणि ती ओळ आधी वाचा. यंदा काकांनी मला असाच एक स्क्रीनशॉट पाठवला, खाली त्यांनीच टाईप केलं होतं, ‘गाठ किती किलोची ते दिसून नाही राहिलं’.